हरलेल्या खटल्यातली कमाई

नमस्कार मंडळी! बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका गल्ल्यावरून हे सिगारेटचं रिकामं पाकीट उचलून आणलंय. जवळून बघा. हे किळसवाणं चित्र आणि खालचा इशारा यांतच ८५ टक्के जागा गेली. ब्रँडचं नाव बिचारं अंग चोरून बसलंय. आपल्याकडे हे २०१६ पासून आहे.

उरुग्वेने असाच ८० टक्क्यांचा नियम केला, तर २०१० मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने अख्ख्या देशालाच लवादापुढे खेचलं. आधार काय, तर स्वित्झर्लंड आणि उरुग्वेमधला गुंतवणूक करार. म्हणे आमच्या ट्रेडमार्कचं नुकसान झालं, भरपाई द्या! २०१६ मध्ये कंपनी हरली, वर उरुग्वेला खर्चापोटी ७० लाख डॉलर देणं आलं.

ऑस्ट्रेलियातली चलाखी तर विचारूच नका. एप्रिल २०१० मध्ये सरकारने जाहीर केलं, की पाकिटावर आता लोगो नाही, ब्रँडचे रंग नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीने ऑस्ट्रेलियातल्या धंद्याची मालकी आपल्याच हाँगकाँगच्या कंपनीकडे फिरवली. कारण हाँगकाँगचा ऑस्ट्रेलियाशी १९९३ चा करार होता, आणि त्याच्या जोरावर दावा ठोकता येत होता. लवादाला हे कळलं. २०१५ मध्ये हक्काचा गैरवापर म्हणून दावा फेटाळला. तिकडे डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, याच कायद्याविरुद्ध युक्रेनचीही तक्रार होती. युक्रेनची तंबाखू ऑस्ट्रेलियात जातच नव्हती, बरं का! होंडुरास आणि डोमिनिकन रिपब्लिक जून २०२० पर्यंत लढले आणि हरले.

मग कंपन्यांच्या पदरात पडलं काय? वेळ. न्यूझीलंडलाही तसाच कायदा हवा होता. पण २०१३ मध्ये तिथलं सरकार म्हणालं, आधी ऑस्ट्रेलियाचं काय होतं ते बघू. साधी पाकिटं आली २०१८ मध्ये. तोवर रंगीत पाकिटं विकली जात होतीच. माझ्या मते वकिलांची फी तिथेच वसूल झाली.

आणि आपण काही लांब नाही. बडोद्याहून आणंदकडे निघालं की चरोतर लागतं, बिडीच्या तंबाखूचा मुलूख. आरोग्याचं धोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून जपा, असं डब्ल्यूएचओच्या तंबाखू नियंत्रण करारातलं कलम ५.३ सांगतं. भारताने तो करार २००४ मध्ये स्वीकारलाय. तरी सरकारी एलआयसीकडे सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीचे ढीगभर शेअर्स आहेत. घरात एलआयसीची पॉलिसी असेल, तर हप्ता कुठे कुठे फिरून येतो ते बघा एकदा.