वास कधी आला ते आधी सांगा

मागं बसलेल्यांना ऐकू येतंय न्हवं? हां, मग सुरू करतो. बेळगावच्या उद्यमबागेत माझं निम्मं आयुष्य गाडीखाली गेलंय, आणि गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "अण्णा, गाडीत रबर जळाल्यासारखा वास येऊलालाय, काय बदलायचं?" बदलायचं काय ते मग बघू की, आधी हे सांग की वास कधी आला, चढाला की उताराला, सुरू केल्या केल्या की वीस किलोमीटर गेल्यावर, थांबल्यावर वाढला की कमी झाला. एवढं नीट सांगितलं तर बॉनेट उघडायच्या आधीच शोध लागत आलेला असतो.

चोर्ला घाटाचंच घ्या. सुट्टी मिळाली की आपली पोरं जांबोटी, कणकुंबीवरनं गोव्याला निघतात. जाताना चोर्ल्याच्या पुढं केरीपर्यंत उतार, येताना तोच चढ. जाताना वास आला म्हटलं की मी आधी ब्रेककडं बघतो, येताना आला म्हटलं की क्लचकडं. आणि गंमत अशी की दोन्हीकडं रबर जळतच नाही, क्लच प्लेटवरचं किंवा ब्रेक लायनरवरचं घासायचं मटेरियल तापतंय, पण नाकाला ते रबरासारखंच लागतं.

क्लचवर जरा थांबतो, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच. चढावर पुढं ट्रक थांबला की आपण गाडी कशावर धरतो? हाफ क्लचवर. ब्रेक किंवा हॅन्डब्रेक लावायचं सोडून पाय अर्धा दाबून, वर ॲक्सिलरेटर देऊन गाडी हवेत लटकवल्यासारखी धरायची, म्हणजे आत प्लेट फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या जड चाकावर, नुसती घासत राहते. उसाचा सीझन सुरू झाला की निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडं दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागं तासतासभर असंच चालतं, तिथं अंतर सोडा, थांबा, मग पहिल्या गिअरला क्लच पूर्ण सोडून जावा. एकदा वास आला म्हणून प्लेट गेली असं नाही, घाबरू नका. बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या आणि नंतर सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला चाळीस-पन्नासच्या स्पीडनं जाताना ॲक्सिलरेटर जोरात दाबून बघा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी काही ओढली नाही तर प्लेट स्लिप होतेय, मग मात्र खोलावंच लागतं. ओढली तर पैसे वाचले. नवीन प्लेट टाकल्यावर सुरुवातीला थोडा वास येतो, तो आपोआप जातो.

आता ब्रेक. खानापूरकडचा एक पोरगा आला होता, पावसाळ्यातली गोष्ट, दुसरीकडं कुठंतरी त्याला क्लच प्लेट बदलायला लावलेली, पैसे गेले आणि वास तसाच. मी विचारलं, "बाळा, वास सपाटीला पण येतोय काय?" म्हणाला, "होय अण्णा, आणि गाडी जड लागतीय." गाडी जॅकवर घेतली, मागचं डावं चाक हातानं फिरेना. हॅन्डब्रेकची केबल गंजून अडकलेली, लिव्हर खाली पण ब्रेकचे शू चाकाच्या ड्रमला चिकटलेलेच. केबल बदलली, शू साफ केले, काम झालं. मला फार वाईट वाटलं, कारण हे कळायला फार वेळ लागला नसता. आठ-दहा किलोमीटर ब्रेक फारसा न मारता चालवायचं, उतरायचं आणि चारी चाकांजवळ हात न्यायचा, लावायचा नाही बरं का, नुसता जवळ. एकच चाक भट्टीसारखं वाटलं तर गुन्हेगार तोच, पुढं असेल तर बहुतेक कॅलिपरची, म्हणजे ब्रेकची डिस्क दाबून धरणाऱ्या चिमट्याची, पिन जाम झालेली असते. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका, ती वाकते, तडकतेसुद्धा. आणि आपल्याकडच्या पावसात सपाट जागेला रात्रभर गाडी ठेवायची असेल तर हॅन्डब्रेक ओढण्यापेक्षा पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

उताराला वास आला तर उत्तर सोपं, ज्या गिअरनं चढता त्याच गिअरनं उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे माझ्या ओळखीचे आहेत, कृपा करून ते करू नका.

खरं रबर जळतंय ते बेल्टचं. सकाळी स्टार्ट करताना किंवा एसी लावल्यावर चीं असा आवाज आणि मग वास, तर इंजिन बंद करून, चावी काढून बेल्ट बघा, आतनं काचेसारखा चकचकीत झालाय काय, चिरा आहेत काय, ऑइल सांडलंय काय. पण बेल्ट जळाला म्हणून नुसता बेल्ट टाकून सोडू नका, पुली किंवा एसीच्या कॉम्प्रेसरचं बेअरिंग जाम असेल तर नवीन बेल्ट पण तसाच जातो. बऱ्याच गाड्यांत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप त्याच बेल्टवर असतात, त्यामुळं बॅटरीचा दिवा लागला आणि टेम्परेचरचा काटा वर गेला की तिथंच थांबायचं.

सायलेन्सरला चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी, ओव्हरलोडमुळं मडगार्डला घासणारा टायर, हे वाकून बघितलं की दिसतं. सिग्नलला थांबल्यावरच वास येत असेल तर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधनं ऑइल इंजिनला लागून असलेल्या गरम एक्झॉस्टवर पडतंय काय ते बघा.

वायरिंगला मात्र मी भितो. वास डॅशबोर्डमधनं आला, फ्यूज परत परत उडतोय, तर मोठा फ्यूज टाकायचा नाही, 10 अँपियरच्या जागी 30 चा टाकला की फ्यूजऐवजी वायर जळते. 60/55 वॅटच्या हेडलाइटमध्ये 100/90 चे बल्ब रिलेशिवाय, म्हणजे जादा करंट झेलणाऱ्या वेगळ्या स्विचशिवाय, बसवतात, त्यानं होल्डर वितळलेले मी बघितलेत. उंदीर वायर कुरतडतात ते वेगळंच. असा वास आला की गाडी बाजूला, चावी बंद, माणसं खाली. धूर दिसत असेल तर बॉनेट उघडू नका, हवा लागली की भडकतं, लांब जावा. नुसता वास असेल तर बॅटरीची निगेटिव्ह टर्मिनल काढा, बहुतेक गाड्यांत ती दहा नंबरच्या पान्यानं सुटते, तो पाना आजच्या आज डॅशबोर्डात टाकून ठेवा.