भोपळ्याची शिट्टी

(दृश्य: स्वयंपाकघर. फ्रिजचं दार उघडतं. पिंजऱ्यातून ‘वीक, वीक, वीक!’)

पुण्यातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पिशवी चुरचुरली की भोपळ्या नावाचा गिनीपिग जाळीला पाय टेकून शिट्ट्या मारायला लागतो. वजन किलोभर, आव मात्र चार दिवसांच्या उपाशाचा.

“दे की गं त्याला केळं,” आजी म्हणते.

केळं त्याला भयंकर आवडतं. अडचण तीच आहे. गिनीपिग मूळचा अँडीज पर्वतातला, गवतावर वाढलेला. ते गवत आंबवून पचवायला त्याच्या पोटात जंतूंची अख्खी फौज असते. साखर जास्त झाली की ती फौज बिथरते. पोट फुगतं, जुलाब होतात. त्यातून या प्राण्याला ओकताही येत नाही. पोटात गेलं ते गेलं.

मग फळ द्यायचंच कशाला?

सी जीवनसत्त्वासाठी. आपल्यासारखंच त्याच्याही शरीरात ते तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक या संशोधकांनी गिनीपिगना धान्या-पावावर ठेवलं, तर त्यांना चक्क खलाशांचा स्कर्व्ही, म्हणजे सी जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार, झाला.

(दृश्य: पाटावर पेरू. सुरी.)

किलोभर वजनाच्या गिनीपिगला दिवसाला दहा ते तीस मिलिग्रॅम सी लागतं. शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशेच्या वर असतं, केळ्यात दहाच्याही आत. म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी पेरूची फोड पुरे, तीही आठवड्यातून एकदा-दोनदा. बिया काढून. रोजच्यासाठी ढोबळी मिरची बरी, तिच्यात साखर कमी.

सफरचंद चालतं, बियांमध्ये सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, म्हणून त्या आधी काढायच्या. कुत्र्याला घातक असलेलं द्राक्ष याला एखादं चालतं. आंब्याची छोटी फोड, हंगामाचं कौतुक म्हणून. मनुका, खजूर नकोच. सीताफळाच्या बिया विषारी, गर नुसता गोड. त्या वाटेला जाऊच नये. अ‍ॅव्होकाडो तर अजिबात नाही.

बाकी ताट सुक्या गवताचं. दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. आणि बारा तास तोंडात काही घेतलं नाही, तर उद्याची वाट न बघता प्राण्यांचा डॉक्टर गाठायचा.

(दृश्य: भोपळ्या पेरूची फोड संपवतो, हनुवटी ओली. मग गवतात तोंड खुपसतो.)

पलीकडे आजी औषधांची पिशवी उघडते.

‘वीक, वीक, वीक!’