खालून येणारा उजेड

(पडद्यावर: कॅन्व्हासचा अगदी जवळून दिसणारा तुकडा. एक हनुवटी, नाकपुड्या, रुंद हसू.)

या चेहऱ्यावरच्या सावल्या उलट्या पडल्यात. हनुवटी उजळलीय आणि नाकाची सावली वर कपाळाकडे निघालीय. उन्हात माणूस असा दिसत नाही, घरातल्या दिव्याखालीही नाही. असा उजेड पडतो तो रंगमंचाच्या कडेला ओळीनं मांडलेल्या फूटलाइटांचा.

(कॅमेरा मागे येतो. पूर्ण चित्र.)

दोन नोकर. एकानं हाताची घडी घातलीय आणि दुसरा त्याच्या कानाला लागलाय. मागची झाडी खरी नाही, रंगवलेला पडदा आहे. फ्रेंच चित्रकार ओनोरे डोमियेनं हे चित्र १८६४ च्या सुमारास काढलं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे आणि 'क्रिस्पां आणि स्कापां' या नावानं ओळखलं जातं. स्कापां म्हणजे सतराव्या शतकातला फ्रेंच विनोदी नाटककार मोलियर याच्या १६७१ च्या प्रहसनातला बिलंदर नोकर. क्रिस्पां मात्र मोलियरचा नाहीच, तो स्कारों या दुसऱ्या नाटककाराच्या नाटकातून आलेला. तेव्हा हा कुठल्या अंकातला कुठला प्रवेश, हे शोधायला जाऊ नका. डोमियेनं प्रवेश रंगवलेला नाही. दोन नट रंगवलेत, काम करता करता.

मोलियरच्या नाटकांची चित्रं डोमियेच्या आधीही निघाली होती. १६८२ च्या आवृत्तीसाठी ब्रिसारनं काढली. १७३४ साली फ्रांस्वा बुशेनं ३३ चित्रं काढली आणि लोराँ कार्सनं ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली. बुशेची रेघ म्हणजे लोणी. पण त्याची पात्रं बुशेच्याच काळातले कपडे घालून श्रीमंतांच्या दिवाणखान्यात वावरतात. रंगमंच गायब. चित्रं देखणी आहेत, हसू मात्र येत नाही. विनोदी नाटकातला हशा शब्दाआधीच्या त्या अर्ध्या क्षणात असतो. नट थांबतो, प्रेक्षागृह श्वास धरतं. तो क्षण कागदावर धरायचा कसा?

डोमियेला हे जमलं, कारण तो नाटकाकडे प्रेक्षक म्हणून बघत होता. जन्म मार्सेचा, १८०८ चा. वडील खिडक्यांना काचा बसवणारे कारागीर, पण डोक्यात कविता आणि शोकांतिका लिहायचं वेड. त्या वेडापायी कुटुंब पॅरिसला आलं. मुलगा व्यंगचित्रकार झाला. राजा लुई-फिलिपला त्यानं खादाड राक्षस म्हणून रंगवलं आणि १८३२ मध्ये तुरुंगात गेला. 'शारिवारी' या विनोदी वृत्तपत्रासाठी वर्षानुवर्षं तो शिळाछापाची, म्हणजे दगडावर काढून छापायची चित्रं काढत राहिला. एकूण आकडा चार हजारांच्या घरात जातो. माणूस समोर बसवून काढायची त्याला सवय नव्हती. बघायचं, घरी यायचं आणि आठवणीतून काढायचं.

(पडद्यावर: १८५२ चं शिळाछाप.)

हे बघा. वर शोकांतिका चाललीय, पण आपल्याला दिसतात ते नटांचे फक्त पाय. खाली वादकांची रांग, आणि तोंडाचा आ वासून जांभया! शोकांतिकेवर इतकं थोडक्यात लिहिलेलं परीक्षण माझ्या तरी पाहण्यात नाही.

१८६० मध्ये 'शारिवारी'नं त्याला काढून टाकलं. पुढची तीनेक वर्षं पोटाची ओढाताण होती, पण रोजच्या चित्राचा तगादाही नव्हता. याच सुमारास तो मोलियरकडे वळलेला दिसतो. मोलियरचं 'काल्पनिक रोगी' हे नाटक त्यानं पुन्हा पुन्हा काढलं, तेलरंगात आणि जलरंगातही. खुर्चीत रुतलेला नाटकाचा नायक आर्गां, त्याच्यावर वाकलेला काळ्या कपड्यातला वैद्य, आणि मागून बस्तीची भलीमोठी पिचकारी घेऊन येणारा माणूस. त्या पिचकारीवर आपण हसतो. मग नजर आर्गांच्या डोळ्यांकडे जाते. आजार खोटा आहे, भीती अगदी खरी आहे. डोमियेनं दोन्ही एकाच चेहऱ्यात ठेवलंय, आणि नाटकातही ते तसंच आहे.

या भूमिकेला एक सावली आहेच. पहिला आर्गां स्वतः मोलियर होता. १७ फेब्रुवारी १६७३, चौथा प्रयोग. रोगाच्या भ्रमात असलेल्या माणसाचं काम करणारा नट खरोखरच आजारी होता. रंगमंचावर त्याला झटका आला, त्यानं तो हसण्यात लपवला, प्रयोग पुरा केला. घरी नेल्यावर त्याच रात्री तो गेला.

(पडद्यावर: काचेच्या पेटीतली जुनी खुर्ची.)

त्या प्रयोगातली म्हणून जपलेली खुर्ची पॅरिसच्या कॉमेदी फ्रांसेज या नाट्यगृहात आहे. काळं चामडं ठिकठिकाणी झिजलंय. मोलियरनंतर दोनशे वर्षं दुसरे नट तिच्यात बसून आर्गां करत राहिले. डोमियेच्या हयातीतही ती रंगमंचावर येत होती, फूटलाइटांच्या उजेडात.