डोळ्यालाच विचारू

वेचणीचे दिवस असूनही इतके जण आलात, तेव्हा लांबण लावत नाही. विषय आहे डोळ्यातली वीज. मोटरीला रात्री-बेरात्री येते ती नव्हे. प्रत्येकाच्या डोळ्यात आत्ता तयार होतेय ती.

"मले रातच्याला दिसत नाही" असं सांगणारा माणूस गावोगाव भेटतो. ओलित करायला रात्री वावरात जावं लागतं, त्यामुळे ते लवकर लक्षातही येतं. पण या एका तक्रारीमागे वेगवेगळे आजार असतात. नुसतं ऐकून ते ओळखता येत नाहीत. अशा वेळी डोळ्यालाच विचारावं लागतं.

१८६५ साली होल्मग्रेन या स्वीडिश शास्त्रज्ञानं बेडकाच्या डोळ्यावर उजेड पडताच होणारा विजेचा बदल मोजला. आज माणसाच्या डोळ्याची तीच तपासणी ईआरजी म्हणून होते. बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, वीस मिनिटं अंधारात बसवतात, मग बुबुळाला लेन्ससारखा किंवा बारीक धाग्यासारखा इलेक्ट्रोड लावून उजेडाचा झोत दाखवतात. करंट लागते का, असं मागून विचारलं कोणी तरी. नाही हो, यंत्र वीज देत नाही, फक्त टिपतं. आणि टिपतं तरी किती? काहीशे मायक्रोव्होल्ट. टॉर्चचा सेल दीड व्होल्टचा, त्याच्या काही हजाराव्या भागाइतकं.

आता गंमत ऐका राजेहो. आपल्याला वाटतं, उजेड पडला की डोळ्याच्या पडद्यातलं बटण चालू होत असेल. घडतं उलटंच. पडद्यातल्या प्रकाशपेशींमधून अंधारात सतत प्रवाह वाहत असतो आणि उजेड पडला की तो कमी होतो. कागदावर त्याची रेघ आधी खाली जाते, ती 'ए' लाट. मग पुढच्या, म्हणजे बायपोलर पेशी जाग्या होतात आणि रेघ जोरात वर चढते, ती 'बी' लाट. या लाटांची फोड ग्रानिट या शास्त्रज्ञांनी केली. डोळ्यावरच्या कामासाठी १९६७ च्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता.

रातांधळेपणात यावरून बरंच कळतं. रेटिनायटिस पिगमेंटोसात प्रकाशपेशीच झिजतात, म्हणून दोन्ही लाटा खुजट होतात, पुढे जवळजवळ सपाट. हा आजार घराण्यातून येतो, आणि मामाच्या पोरीशी लग्न करायच्या चालीनं त्याच्या काही प्रकारांची शक्यता वाढते. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही अंधारातला प्रतिसाद घटतो, पण वेळेवर उपचार झाले तर लाट परत येते. जन्मापासूनच्या एका प्रकारात मात्र 'ए' लाट बऱ्यापैकी असते, 'बी' उठतच नाही. म्हणजे उजेड टिपला गेला, पण निरोप पुढच्या पेशीला पोचला नाही. तक्रार तिघांची एकच.

पडदा ठीक आणि तरी दिसत नसेल, तर पुढची, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी शीर पाहायची. त्या तपासणीचं नाव व्हीईपी. समोरच्या टीव्हीसारख्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी अदलाबदल होत असतात आणि डोक्याच्या मागे लावलेले इलेक्ट्रोड मेंदूचा प्रतिसाद टिपतात. साधारण १०० मिलिसेकंदांनी एक उंचवटा येतो. शिरेला सूज येऊन गेली असेल तर तो उशिरा येतो, आणि नजर सुधारल्यावरही हा उशीर बऱ्याचदा राहतो. हॅलिडे हे संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये हे दाखवलं. हा संकेत इतका क्षीण की मेंदूच्या इतर गलबल्यात बुडून जातो. निदान साठेक वेळा मोजून सरासरी काढावी लागते.

मात्र रुग्णानं मुद्दाम नजर चौकटींवर धरलीच नाही, तर ही तपासणी बिघडते. म्हणून चांगला निकाल भरवशाचा. वाईट निकालावर एकट्यावर विसंबू नये.

जायची वेळ आली तर व्हीईपीला डोक्याला तेल लावून जाऊ नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. चष्मा असेल तर सोबत न्या. आणि ईआरजीनंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवायला दुसरं कोणी तरी घेऊन जा.