द्राक्षाचा रस, टाकी आणि सहा कार्बन

(दृश्य: दिंडोरीजवळची बाग, पहाट)

गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, होऊन चार-साडेचार महिने झाले. आता वेलीवेलीतून रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर फिरतोय. खायच्या द्राक्षाची तोड सतरा-अठरा ब्रिक्सला सुरू होते. वाइनचा शिराझ वाण बावीसच्या पुढे जाईपर्यंत वेलीवरच ठेवतात. २२ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे २२ ग्रॅम विरघळलेला ऐवज. त्यात बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. दोन्हींत कार्बन सहा, हायड्रोजन बारा, ऑक्सिजन सहा. फरक फक्त मांडणीत.

(दृश्य: देठ काढणारे यंत्र, टाकी)

मणी फोडल्यावर १०० लिटरला ५ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. रानटी जंतू त्याने दबतात. मग यीस्ट, २० ते २५ ग्रॅम. सुकं यीस्ट थेट गार रसात टाकलं तर बरंचसं मरतं. आधी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायचं.

आता यीस्ट साखरेतल्या सहा कार्बनांची वाटणी करतं. दोन-दोन कार्बनचे इथेनॉलचे दोन रेणू, आणि उरलेले दोन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. १८० ग्रॅम ग्लुकोजमागे कागदावर ९२ ग्रॅम इथेनॉल, ८८ ग्रॅम वायू. म्हणजे लिटरभर रसातून पन्नास लिटरहून जास्त वायू! तो हवेच्या दीडपट जड, म्हणून टाकीच्या तळाशी साचतो. आत उतरण्याआधी पंखा आणि गॅस मीटर हवाच. मेणबत्तीवर विसंबू नये. ती जळत असतानाही हवा घातक असू शकते.

या क्रियेत उष्णता निघते. लाल वाइन २५ ते २८ अंशांवर ठेवतात. दुपारी कूलिंग बंद पडून पारा पस्तिशीपार गेला की यीस्ट दमतं आणि साखर तशीच राहते. यीस्ट आधी ग्लुकोज संपवतं, त्यामुळे उरतं ते मुख्यतः फ्रुक्टोज, जास्त गोड.

वाइन तयार झाली तरी जपावं लागतं. टाकी अर्धवट भरलेली ठेवली की वरच्या हवेतला ऑक्सिजन ॲसिटोबॅक्टर या जिवाणूला मिळतो. इथेनॉलमधले दोन्ही कार्बन जागच्या जागी राहतात, पण टोकाचा अल्कोहोल गट जाऊन कार्बोक्सिलिक गट येतो: इथेनॉइक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल.

हे आम्ल झालंय का ते ओळखायला दहावीच्या प्रयोगातला खायचा सोडा इथे उपयोगाचा नाही. चांगल्या वाइनमध्येही द्राक्षाचं टार्टरिक आम्ल असतंच. फेस दोन्हीकडे येतो. आधी कळतं ते नाकाला. इथेनॉल आणि इथेनॉइक आम्ल जोडून इथाइल ॲसिटेट हे ईस्टर बनतं, त्याला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास. मग वाफेने ऊर्ध्वपातन करून उडणारं आम्ल मोजतात.

आकडा वाढलेला निघाला तर ती टाकी वेगळी काढतात, आणि तिचा पाइप व पंप धुतल्याशिवाय दुसऱ्या टाकीला लावत नाहीत.