अमरेलीची तेरा वर्षं

मित्रहो, बडोदा संस्थानात १९०६ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा लागू झाला, हे आपण बडोदेकर मोठ्या अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच हवं. पण आज मला त्या सालाच्या आधीच्या तेरा वर्षांबद्दल बोलायचं आहे. माझ्या मते सयाजीराव महाराजांचं खरं मोठेपण त्या तेरा वर्षांत आहे.

संस्थानाचे प्रांत एकमेकांना लागून नव्हते. बडोदा, कडी, नवसारी आणि पार काठेवाडात अमरेली. सक्तीच्या शिक्षणाचा पहिला प्रयोग महाराजांनी १८९३ साली राजधानीत केला नाही. तो केला अमरेली तालुक्यातल्या मोजक्या गावांत. पुढे तो तालुकाभर वाढवला आणि अनुभव गाठीशी आल्यावर १९०६ मध्ये सगळ्या संस्थानासाठी कायदा केला. मुलांना सातव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत आणि मुलींना दहाव्यापर्यंत शाळा सक्तीची झाली. मुलींची दोन वर्षं कमी का, हा प्रश्न आज आपल्याला पडतो आणि तो रास्त आहे. तरी मुलगी कायद्याच्या कक्षेत आली, हे त्या काळात फार मोठं पाऊल होतं.

सक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दंड भरणारा बाप येतो. दंड होताच. पण त्याआधी काय काय लागतं, ते बघा. गावात शाळा लागते. तिथे राहायला तयार असलेला, थोडाफार शिकलेला मास्तर लागतो, म्हणजे मास्तर तयार करणारी शाळा आधी लागते. कुठल्या घरात सात वर्षांचं मूल आहे, याची यादी लागते आणि ती दरवर्षी नव्यानं करावी लागते. पटावर नाव चढलं तरी पेरणीच्या दिवसांत मूल शेतावर जातं, एरवी गुरांमागे जातं, मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी थांबते. या सगळ्याला तोंड देणारी व्यवस्था उभी करायला तेरा वर्षं गेली. सक्ती आधी सरकारनं स्वतःवर करून घेतली, पालकांवर ती नंतर आली. दंडाचा भार गरिबावरच जास्त पडतो, म्हणून त्या कायद्यातली मला सर्वांत दुबळी वाटणारी बाजू तीच आहे.

ही कल्पना काही एकट्या राजाच्या डोक्यातून निघाली नव्हती. १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या घामातून सारा गोळा होतो आणि तो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, अशी त्यांची तक्रार होती. निदान बाराव्या वर्षापर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. इंग्रज सरकारनं ती मनावर घेतली नाही. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडलं, तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्या हाताशी होतं. १९१२ च्या मार्चमध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये सक्तीचं शिक्षण आणलं. सगळ्या देशाला हा हक्क मिळायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. बडोद्याच्या कायद्यानंतर १०४ वर्षांनी!

आता या इतिहासातल्या दुखऱ्या जागेकडे येतो. ती टाळून महाराजांचा गौरव करणं मला पटत नाही. राज्यकारभार हाती घेतल्यावर लगेचच महाराजांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या. मुलं होती, पैसा होता, पण शिकवायला सवर्ण हिंदू मास्तर मिळेनात. मुसलमान शिक्षक नेमावे लागले, पुढे आर्यसमाजी पुढे आले. १९१३ साली याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये ते नोकरीसाठी इथे आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशांच्या धर्मशाळेत ते जात लपवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. बाबासाहेब कमाटी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघून गेले. दरबारानं त्यांना शिकवलं, पण शहरानं त्यांना घरात घेतलं नाही. ते शहर आपलंच होतं.

कायद्यानंतर आणखी एक अडचण समोर आली. चार बुकं शिकून शाळा सुटली की मूल पुन्हा नांगराला जुंपलं जायचं आणि अक्षरं विसरायचं. त्यावरचा उपाय होता वाचनालय. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतलं. गावानं वर्गणी उभी केली की सरकार आपला वाटा घालायचं. जिथे तेवढंही जमत नसे, तिथे पुस्तकांची लाकडी पेटी जायची. पेटीतली पुस्तकं वाचून झाली की ती पुढच्या गावाला रवाना व्हायची. मोतीभाई अमीन यांच्यासारख्यांनी या चळवळीसाठी आयुष्य घातलं. आपल्या सेंट्रल लायब्ररीतल्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन काचेची आहे, ती वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून. वाचणाऱ्याचा इतका बारीक विचार तेव्हा झाला होता.

आज पटनोंदणीचे आकडे चांगले दिसतात. पण शहराच्या कडेला जिथे नव्या इमारती उठतायत, तिथे सकाळी अकरा वाजता जाऊन बघा. दाहोद, पंचमहालाकडून आलेल्या मजुरांची मुलं वाळूच्या ढिगावर खेळत असतात. त्यांचं नाव गावच्या शाळेच्या पटावर असतं. कागदावर ती शाळाबाह्य नसतात. दिवाळीनंतर आईबापांबरोबर इथे येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत जातात. मधल्या महिन्यांत ना तिथली शाळा, ना इथली. अमरेलीत घरोघर जाऊन यादी करणाऱ्याचं काम आज कोण करतं?

वर्षाच्या मधेही मुलाला शाळेत घ्यावं लागतं आणि दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही, हे २००९ साली मंजूर होऊन २०१० मध्ये लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. नवा कायदा नको, याद्या हव्यात. आपापल्या भागात चालू असलेल्या बांधकामांवर सहा ते चौदा वयाची मुलं किती, त्यांची भाषा कोणती, जवळची शाळा किती लांब, एवढं लिहून काढायचं आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे स्वतः जाऊन द्यायचं. या दिवाळीनंतर हे सुरू करावं, असं माझ्या मनात आहे. ज्यांना रविवारची सकाळ देता येईल, त्यांनी आता चहाच्या वेळी मला भेटावं. कोणी कोणता भाग घ्यायचा, ते आजच ठरवून टाकू.