'ते झालं सर' म्हणणं सोडा! फुशारकी न मारता आपलं काम कसं सांगायचं

नमस्कार मंडळी, कसे आहात. मार्च लागला. नागपुरात सध्या घरोघरी दोनच कामं चालू आहेत, एक म्हणजे माळ्यावरून नाहीतर गच्चीवरून कूलर काढणं आणि दुसरं म्हणजे ऑफिसचा अप्रेझल फॉर्म, म्हणजे वर्षभराच्या कामाचा हिशोब, भरणं, आणि दोन्ही कामं आपण अगदी जिवावर येईपर्यंत पुढे ढकलत राहतो.

आज फॉर्मवर बोलायचं आहे, पण सुरुवात कूलरपासून करते. थांबा, संबंध आहे.

परवा आमच्याकडे कूलरवाला आला होता. आमचा कूलर जुना, पत्र्याचा, बाबांच्या काळातला, सुरू केला की शेजारच्यांना पण कळतं. त्याने तासभर खटपट केली आणि निघायच्या आधी काय केलं माहितीये, खाली पेपर पसरला आणि त्यावर काढलेल्या वस्तू मांडून ठेवल्या. "ताई, हा पंप पहा, जाळीत क्षार जमले होते म्हणून पाणी वर चढत नव्हतं, साफ केला. ही जुनी खस, मधून सडली होती, बदलली. हा बॉल कॉक गळून राहिला होता, म्हणून तुमची टाकी सांडायची, नवीन टाकला." बस. तीन वस्तू, तीन वाक्यं, आणि मग म्हणाला साडेसहाशे झाले. मी एक रुपया कमी कर म्हटलं नाही, आणि मी बर्डीच्या बाजारात शंभराच्या ओढणीसाठी दहा मिनिटं घासाघीस करणारी बाई आहे!

आता बघा, तो एकदा तरी म्हणाला का की मी फार भारी कारागीर आहे, नागपुरात माझ्यासारखा कोणी नाही? नाही म्हणाला. आणि तो "झालं ताई" म्हणून मुकाट्याने पण निघून गेला नाही. आपण लोक मात्र ऑफिसात या दोन्हीपैकी एक काहीतरी करतो. बहुतेक जण दुसरं.

माझंच सांगते. मी आधी बुटीबोरीला एका फॅक्टरीत डिस्पॅचला होते, नाव घेत नाही, उगाच कशाला. तिथे माल भरायला येणारे ट्रक गेटवर तासन्‌तास उभे असायचे, ड्रायव्हर लोक वैतागलेले, ट्रान्सपोर्टरचे फोन, थांबण्याचे पैसे वेगळे लागायचे. सकाळी नऊला एकदम आठ गाड्या यायच्या आणि दुपारी गेट रिकामं. मग मी एक साधं शीट बनवलं, प्रत्येक ट्रान्सपोर्टरला यायची वेळ ठरवून दिली, सिक्युरिटीवाल्यांना समजावलं, स्टोअरच्या काकांना चहा पाजून पाजून पटवलं, दोन महिन्यांत गर्दी मोडली. आणि मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं गेटचं काय चाललंय, तर मी काय म्हणावं? "ते झालं सर."

"ते झालं सर." जसं काही आपोआप झालं, पाऊस पडला आणि झालं.

वर्षाच्या शेवटी फॉर्म आला, त्यात एक मोठा चौकोन होता, या वर्षातली तुमची प्रमुख कामगिरी. मी लिहिलं, "दिलेली सर्व कामे वेळेवर पूर्ण केली." हसू नका, तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी हेच लिहिलेलं असणार, मला माहिती आहे. पाचपैकी तीन मिळाले. मी जाऊन विचारलं, सर गेटचं काम? तर ते खरंच आश्चर्याने म्हणाले, "अगं ते तू केलं होतं का? मला वाटलं ट्रान्सपोर्टर सुधारले." आता मला रडू येऊन राहिलं होतं, पण खरं सांगू का, तो माणूस वाईट नव्हता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मीच नाही सांगितलं.

मराठीत ही एक गंमत आहे बघा. आपल्याकडे दोन क्रियापदं आहेत, झालं आणि केलं. काम बिघडलं की आपण प्रामाणिकपणे "माझ्याकडून चुकलं" म्हणतो, तिथे 'माझ्याकडून' बरोबर येतं. आणि काम जमलं की "झालं", "लागलं मार्गी", "सुटला प्रॉब्लेम". करणारा माणूस वाक्यातून गायब. मी आजकाल लोकांचे फॉर्म बघून देते ना, ओळखीतल्यांचे, तर पहिलं काम हेच करते, पेन घेऊन सगळे 'झाले', 'झाली', 'झालं' गोल करते. एका पोट्ट्याच्या एका पानावर अकरा निघाले. अकरा! सर्व्हर मायग्रेशन झाले, ट्रेनिंग झाले, तक्रारी कमी झाल्या. मी म्हटलं बाबू, तू होता कुठे वर्षभर?

हे येतं कुठून, तर घरातून येतं. आमच्या आईच्या सांबारवड्या अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध (पुण्या-मुंबईच्या लोकांनो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीवालं नाही), पण पाहुण्यांच्या ताटात वाढताना ती दर वेळी म्हणणार, "या वेळी नाही जमल्या हो, मसाला कमीच पडला." जमलेल्या असतात, तिलाही माहीत असतं. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगितली आहेत त्यात 'आपली आपण करी स्तुती' हे आहेच, आणि ते आपल्या अंगात इतकं मुरलं आहे की आपण स्तुती तर सोडलीच, सोबत माहिती पण सोडून दिली. समर्थांनी स्तुतीला नाव ठेवलं आहे. "मी पंप साफ केला" ही स्तुती आहे का? ती माहिती आहे. "माझ्यासारखा पंप कोणी साफ करत नाही", ही स्तुती.

आणि लोकांना नेमकं काय खटकतं यावर अभ्यास पण झालेला आहे. वेरा होरेन्स म्हणून बेल्जियमच्या एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१२ चा पेपर आहे. त्यांना असं दिसलं की माणूस "मी चांगला मित्र आहे" म्हणाला तर ऐकणाऱ्याला फारसं काही वाटत नाही, पण "मी इतरांपेक्षा चांगला मित्र आहे" म्हणाला की तो डोक्यात जातो. कारण ऐकणाऱ्याला वाटतं, हा बाकीच्यांना कमी समजतो, म्हणजे मलाही कमी समजत असणार. म्हणजे चिडचिड 'मी' या शब्दाने होत नाही हो, 'पेक्षा' या शब्दाने होते. 'मी' बिनधास्त वापरा. 'पेक्षा' वापरायचंच असेल तर मागच्या वर्षीच्या आकड्यापेक्षा म्हणा, शेजारच्या टेबलवाल्यापेक्षा नको.

बरं आता प्रत्यक्ष लिहायचं कसं. माझंच गेटचं वाक्य घेऊ.

पहिला प्रकार, "डिस्पॅच प्रक्रियेत सुधारणा झाली." हे आपलं नेहमीचं. दुसरा प्रकार, लोकांना जोश आला की असं लिहितात, "डिस्पॅच विभागात मी अत्यंत कल्पकतेने क्रांतिकारी बदल घडवून आणले." हे वाचून साहेब चष्मा काढून ठेवतो. आणि आता तिसरं ऐका. "ऑगस्टमध्ये ट्रक गेटवर सरासरी ५ तास थांबत होते. मी ट्रान्सपोर्टरना यायच्या वेळा ठरवून देणारं शीट तयार केलं आणि सिक्युरिटी व स्टोअरसोबत राबवलं. डिसेंबरमध्ये सरासरी २ तासांवर आली. रोजच्या वेळांची नोंद स्टोअरच्या टीमने ठेवली." यात एक तरी विशेषण आहे का सांगा. नाही. कल्पक नाही, उत्कृष्ट नाही, काही नाही, आधी काय होतं, मी काय केलं, नंतर काय आहे, सोबत कोण होतं. कूलरवाल्याने पेपरवर मांडलं तसंच.

पण याच्यात एक मेख आहे आणि इथे बहुतेक लोक अडकतात. ते ५ तास आले कुठून? मी तेव्हा आधीचा आकडा काढूनच ठेवला नव्हता. नंतर पुढच्या वर्षी शहाणपण आलं तेव्हा मी गेटवर जाऊन जुनं रजिस्टर मागितलं, ते लांबडं, जाड पुठ्ठ्याचं असतं ना, गाडी नंबर, इन टाइम, आऊट टाइम, ड्रायव्हरची सही, आणि सिक्युरिटीवाल्या काकांचा सात कोणता आणि एक कोणता ते त्यांनाच विचारावं लागायचं. तीन दिवस डबा खाता खाता बेरजा केल्या. म्हणून सांगते, काम हातात घेतलं की पहिल्याच दिवशी आत्ताची परिस्थिती लिहून ठेवा, रजिस्टरचा फोटो काढा, स्क्रीनशॉट घ्या, कंपनीत चालत असेल तर. जुनी सडकी खस फेकून दिली तर दाखवाल काय?

आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी निघायच्या आधी पाच मिनिटं, या आठवड्यात मी काय केलं, दोन ओळी. साधी डायरी चालते. कारण मार्चमध्ये आठवायला बसलं की आपल्याला फक्त जानेवारी-फेब्रुवारी आठवतं, आणि साहेबाला तर तेही नाही.

काही जणांची कामं अशी असतात की ती नीट केली तर काहीच होत नाही. कूलरचा पंप मे महिन्यात चालू असतो तोवर कोणी म्हणतं का, वा काय पंप आहे? बंद पडला की मग अख्खं घर गोळा होतं. मेंटेनन्स, आयटी सपोर्ट, अकाउंट्स, तुमची सगळी कामं या जातीची. तुम्ही काय झालं नाही ते सांगा. "मागच्या मार्च एंडला कागदपत्रं नसल्यामुळे ३ गाड्या परत गेल्या होत्या, या वर्षी मी आदल्या दिवशी यादी तपासायला सुरुवात केली, एकही गेली नाही."

मुलींसाठी एक वेगळं सांगते. क्रिस्टीन एक्सली आणि जड केसलर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २०२२ मध्ये एक पेपर आला. लोकांना गणित आणि विज्ञानाचे २० प्रश्न दिले, मग विचारलं तुमचं किती चांगलं झालं, १०० पैकी सांगा. सोडवण्यात बायका-पुरुष सारखेच होते, पण पुरुषांनी स्वतःला सरासरी ६१ दिले आणि बायकांनी ४६. आणि खरे मार्क कळल्यावरही तो फरक गेला नाही. म्हणजे आईच्या सांबारवड्या हा नुसता नागपूरचा प्रकार नाही, तिकडे अमेरिकेतही तेच. त्यात अजून एक कटकट म्हणजे बाईने जरा ठासून सांगितलं की "फार बोलते" हा शिक्का लगेच बसतो, ते मी नाकारत नाही, मी स्वतः ऐकलेलं आहे. म्हणून तर आकडा जवळ पाहिजे. मी बोलले तर फार बोलते, रजिस्टर बोललं तर त्याला कोण काय म्हणणार.

सांगायचं कुठे? चाळीस जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नका टाकू बाप्पा, तिथे अंगठे येतात आणि चहाच्या टपरीवर नकला होतात. ज्याला त्या माहितीचा उपयोग आहे त्याला पाठवा. साहेबाला एक मेसेज, "सर, गेटचा महिन्याचा आकडा, तुमच्या मीटिंगला कामी येईल." त्याला वर रिपोर्ट द्यायचाच असतो, त्याचं काम हलकं होतं. आणि तुमचं काम कोणी आपल्या नावावर खपवत असेल तर भर मीटिंगमध्ये भांडू नका, मीटिंगच्या आदल्या दिवशी हा असा मेल गेलेला असला की अर्धं भांडण तिथेच मिटतं. अर्धंच म्हणते मी, सगळं नाही, काही नग असतातच.

टीमचं श्रेय वाटताना मात्र हात सैल ठेवा. रॉस आणि सिकोली यांचा १९७९ चा जुना अभ्यास आहे, नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं की घरातल्या कामातला तुमचा वाटा किती, आणि दोघांचे आकडे मिळवले तर बेरीज बहुतेकदा १०० टक्क्यांच्या वर जायची. कोणी खोटं बोलत नव्हतं, आपापलं काम जास्त आठवतं इतकंच. तुमच्या डोक्यातला तुमचा वाटा पण जरा फुगलेलाच असणार, तेव्हा स्टोअरच्या काकांचं नाव घातल्याने तुमचं काही कमी होत नाही.

अजून एक प्रसंग, छोटासा पण रोजचा. लिफ्टमध्ये मोठे साहेब भेटतात, विचारतात, काय, कसं काय चाललंय? आणि आपण म्हणतो, "मजेत सर, तुमची कृपा." झालं! चार मजले शांतता. एक वाक्य तयार ठेवा ना. "बरं चाललंय सर, गेटवरची गर्दी कमी करतेय सध्या, आता गाड्या दोन तासांत सुटतात." त्यांना पुढे विचारायचं असेल तर विचारतील, नाहीतर त्यांचा मजला येईल. आणि कोणी कौतुक केलं की "छे हो, काही नाही, असंच" म्हणू नका. "थँक्यू, दोन महिने लागले पण जमलं" म्हणा. पहिल्यांदा जीभ अडखळते. माझी अजूनही अडखळते.

लिंक्डइनवर टाकत असाल तर क्लायंटचं नाव आणि कंपनीचे आतले आकडे जाहीर नका करू, आधी विचारून घ्या, आणि ते "सांगताना अत्यंत नम्र वाटत आहे" वगैरे टाळा, नम्र माणसाला नम्र वाटतंय हे टाईप करावं लागत नाही.

पुढच्या वर्षी मला चार मिळाले, विचारत असाल तर. पाच नाही मिळाले, पाच तिथे कोणालाच देत नव्हते.

आता तुम्ही असं करा, तुमच्या फॉर्ममधलं एक 'झालं'वालं वाक्य खाली कमेंटमध्ये लिहा, कंपनीचं नाव वगळून, आणि आधीचा आकडा असेल तर तोही टाका. रविवारी मी त्यातली दहा-बारा घेऊन इथेच कॅमेऱ्यासमोर पेनाने गोल करत बसणार आहे. तोवर मी जाते, कूलर लावलाय पण खिडकीची फळी बसून नाही राहिली, आणि आई मागून विचारून राहिली आहे की झालं का.